माणसं किती बसणार?

“माणसं किती बसणार, शेठ?” नवशानं सहज विचारलं आणि दौलतचं डोकं सणकलं. खरं तर विचारण्यासारखंच होतं ते. मोटरबोट घ्यायची, जुनी का होईना, तर आत किती माणसं बसायची हे विकणारा विचारणारच. जुन्या लूमपासून जुन्या जीपपर्यंत भिवंडीत काहीही विकून देणारा हा नवशा; त्याच्या हातांना कायम कुठल्या तरी परक्या इंजिनाचं तेल लागलेलं असायचं. शुक्रवार होता, लूम बंद होते, आणि आठवडाभर खटखट ऐकून किटलेल्या कानांना गाळ्यातली शांतता उगाच टोचत होती. टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, टेलिफोनवर सगळीकडे सुताची रुई बसलेली. नवशाच्या दोन्ही बोटी सांगून झाल्या होत्या. एक पांढरी, प्लायवूडची, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबाची. साहेबाची मद्रासला बदली झाली म्हणून निघाली. इंजिन मागं बाहेरून टांगलेलं, दोरी ओढली की चालू. दुसरी सागवानी, वसईच्या सुताराच्या हातची, पोटात डिझेलचं इंजिन, आजवर सुकी मासळी वाहत होती. पंधरा माणसं आरामात मावतील. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच, तेव्हा त्या बाजूनंही कोडं सुटत नव्हतं. दौलतनं घरची माणसं धरत टेबलाखाली बोटं मुडपली. हौसा, तिन्ही पोरं, आक्का. मूठ मिटली. “पाच,” तो म्हणाला, पण असा म्हणाला की नवशानं चहाची बशी खाली ठेवली. मग पांढरीच बरी, पाचाचीच आहे, पण दोन्ही पाण्यात घालून बघा, पुढच्या शुक्रवारी तुमच्याच गावच्या धक्क्यावर आणून उभ्या करतो, असं काहीबाही बोलत तो उठला. तो गेल्यावरही दौलतची मूठ उघडली नव्हती. कुणावर चिडलो आपण? नवशावर? त्या बापड्यानं काय केलं होतं! पण तो प्रश्न नवशाचा नव्हताच. नवशाच्या तोंडून दुसराच माणूस विचारून गेला होता, आणि त्या माणसाला मरूनही बारा वर्षं झाली होती.

माणसं किती? बाप असंच विचारायचा. धक्क्यावर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव, टेकवली की तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून, काठावर डोळा फिरवून, माणसं किती रे? आणि मग चढणाऱ्या एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायचा. वीस झाली की बांबू आडवा धरायचा. खारबावच्या पलीकडचं त्यांचं गाव खाडीच्या ऐन काठावर, आणि खाडी ओलांडायला बापाच्या, लडकू तरीवाल्याच्या, तरीशिवाय दुसरं काही नव्हतं. गावातल्या कुणाकडून एका खेपेचा पैसा घ्यायचा नाही. सुगी झाली की घरटी टोपलीभर भात यायचं, त्यावर वर्ष काढायचं. म्हणजे तर लडकूची नव्हे, गावाची. आणि तर गावाची म्हणून तरीवाल्याच्या घरची माणसं बसायची ती सगळ्यांत शेवटी, शेवटच्या खेपेला, जागा उरली तर. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलंही नव्हतं, पण देवळाच्या पायरीला हात लावून पुढं जावं इतकं ते सगळ्यांच्या अंगात भिनलेलं होतं. बाप मोजताना स्वतःला धरायचा नाही. चालवणारा कशाला मोजायचा! आणि बायकोपोरांनाही धरायचा नाही. लहानपणी दौलतला वाटायचं, गावात प्रत्येकाला एक आकडा आहे आणि आपल्याला, आईला म्हणजे आक्काला, थोरल्या काळूदादाला, बहिणीला, गोदूला आकडाच नाही. बाजाराला जायचं असो, मामाच्या लग्नाला जायचं असो, धक्क्याच्या बांधावर आक्का पाय दुमडून बसायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि लोकांना चढताना बघत राहायची. आणि त्या बघण्यात तक्रार नसायचीच, उलट एक तोरा असायचा. आपल्या नवऱ्याच्या तरीत गाव बसतंय! हे आठवलं की दौलतच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कसला तोरा? चिखलात बसून कसला तोरा?

घरी हौसानं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापताच मोठी घ्या म्हणाली. पाच माणसांच्या बोटीत जाऊन करायचं काय, एकमेकांची तोंडंच बघायची ना? मोठी असली तर भाऊजींची माणसं येतील, माझ्या माहेरची येतील, शेजारच्या काकू कधीच्या म्हणतायत, डबे घेऊन जाऊ, दिवसभर मजा करू. हौसाचं हे नेहमीचंच. तिला माणसं लागत. घरात दहा जण जेवायला असले की तिच्या हाताला चव येई. थोरल्या भावानं, काळूरामनं, तर गावाहून सांगावाच धाडला होता की मोठीच घे, म्हणजे पलीकडच्या देवीच्या जत्रेला सबंध भावकी एका खेपेत जाईल. एका खेपेत! जणू काय दौलतनं तर सुरू करायला घेतली होती. दापोड्याला घेतलेली जमीन ट्रान्सपोर्टवाल्याला विकून, त्यातून लूम टाकून, बारा वर्षं वीजकपातीशी आणि सुताच्या भावाशी झटून माणूस चार दिडक्या बाजूला टाकतो, तो काय भावकीला जत्रेला पोचवायला? त्यानं हौसाला बजावलं की बोट माझी आहे, तीत माझी माणसं बसतील, आणि माझ्या माणसांच्या आधी काळं कुत्रंसुद्धा चढणार नाही. हौसानं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे विचारलं की एवढं भांडण कुणाशी चाललंय तुमचं. तो ताटावरून उठला. थोरली दोन पोरं खालमानेनं जेवत राहिली. धाकटी कमळा तेवढी विचारत होती की बोटीत मी कुठं बसणार, पुढं का मागं. पुढं, तो हात धुता धुता ओरडला, सगळ्यांत पुढं! आणि पोरगी एवढीशी झाली, कारण बाप कशावर चिडलाय ते तिला कळेना. त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

पांढरी बोट. ती त्यानं नवशाकडे मागितलेली नव्हती. नवशानं आपणहून आणली, आणि ऐकल्याबरोबर दौलतच्या मनात ती ठाण मांडून बसली. कारण एक पांढरी बोट त्यानं फार पूर्वी पाहिली होती. मिठागरावर एक गोरा साहेब यायचा. त्याची छोटी लाँच धक्क्यापासून जरा लांब, तिवरांच्या झाडीपुढं उभी राहायची, मध्ये फळी टाकायची. एका दिवशी साहेबाबरोबर त्याची मडम होती आणि दौलतच्याच वयाची एक मुलगी, पायात मोजे घातलेली. दौलत आक्काजवळ बांधावर बसला होता. तर दुसरी खेप घेऊन पलीकडे गेली होती. साहेबानं आधी मुलीला उचलून आत ठेवलं. मग मडमेचा हात धरला, तिला बसवलं, तिच्या झग्याचा घोळ फळीत अडकला तो वाकून सोडवला. मग स्वतः चढला. बाकीची माणसं, शिपाई, मुकादम, डबे धरून काठावर उभी. बस्स, एवढंच. पण नऊ वर्षांचा दौलत तोंड उघडं टाकून बघत राहिला होता, कारण असंही करता येतं हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. आपल्या माणसांना आधी बसवायचं. लोकांनी काठावर उभं राहायचं. आभाळ कोसळत नाही, कुणी शिव्या देत नाही. त्यानं आक्काकडे पाहिलं होतं. आक्कानं नाक मुरडलं आणि म्हणाली, यांना काय रीतभात न्हाय. आज, पंचेचाळीस वर्षांचा होऊन, टेरिकॉटच्या शर्टात, गाळ्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावून बसलेल्या माणसाला ते वाक्य आठवत होतं, आणि तो दात खात होता. रीतभात! त्या रीतभातीनं गोदू नेली.

जत्रेचाच दिवस होता. पलीकडच्या देवीची जत्रा, म्हणजे सकाळपासून धक्क्यावर ही झुंबड. नव्या लुगड्यांचा खळीचा वास, गजरे, डोक्यावर नारळाच्या टोपल्या. काळूदादा आजोळी गेलेला. गोदूला तीन दिवस ताप चढलेला, गावच्या औषधानं उतरत नव्हता, तिला पलीकडून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. आक्का तिला गोधडीत गुंडाळून बांधावर बसली. दौलत शेजारी. पहिली खेप गेली. लोक चढताना वाकून बघत, पोरीला बरं न्हाय काय असं विचारत, चुकचुकत आणि चढत. हे चुकचुकणं दौलतला इतक्या वर्षांनंतरही कानात ऐकू यायचं. एकानंही म्हणू नये की तू जा बाई आधी? एकानंही? दुसरी खेप गेली. गोदूचा पाय गोधडीतून बाहेर आला होता. त्यानं तो हातात धरला तर निखारा. तिसऱ्या खेपेला तो पळत अगदी पाण्यापर्यंत गेला होता. तर भरत आली होती, बाप नाळेवर उभा होता, आणि त्यानं लोकांच्या डोक्यांवरून बांधाकडे बघून हात वर केला. थांबा! मग वळला, बांबू रोवला, तर निघाली. त्यानंतर पाणी जे उतरायला लागलं ते बघता बघता. पलीकडच्या काठाला तर चिखलात रुतली. मध्ये नुसता गाळ, त्यात पाय टाकला तर माणूस कमरेपर्यंत जावा. अलीकडे बांधावर तिघंच उरली. ऊन कलेपर्यंत तिघंच. गोदू आधी पाणी मागत होती, मग दादा दादा करत होती, मग काहीच करत नव्हती. भरती आली, बाप आला, त्यांना एकट्यांना तरीत घालून पलीकडे नेलं. तेवढी मोठी तर, वीस माणसांची, आणि आत फक्त ती चौघं. गोदू दवाखान्यात दोन दिवस होती. तिनं पुन्हा डोळे उघडले नाहीत.

तेव्हापासून दौलत बापाशी बोलला नाही असं म्हणता येणार नाही. बोलला, वल्हं दे, भात आलं, आक्का बोलावते, इतपत बोलला. पण तो वर केलेला हात त्यानं मनात धरून ठेवला. बोटं पसरलेली, तळवा पुढं, थांबा. रात्रपाळीला दुसऱ्याच्या लूमवर कामाला लागला तेव्हा, पहिले दोन लूम स्वतःचे घेतले तेव्हा, लग्नात बापाच्या पाया पडायला वाकला तेव्हासुद्धा, तो हात मध्ये होता. पुढं लांबून पूल झाला, गावात एसटी आली, तर बंद पडली. सुगीचं भातही बंद पडलं, अर्थात! एवढी वर्षं ज्यांना आधी बसवलं त्यातला एकही टोपली घेऊन आला नाही. बाप मात्र रोज धक्क्यावर जाऊन बसायचा. दौलत गावी गेला की मुद्दाम मोठ्यानं बोलायचा, काठावर बसून काय मिळालं, गावानं दिलं का काही, पोरगी तर दिलीत गावाला. बाप ऐकून घ्यायचा. एकदाही उलटून बोलला नाही. माणसानं निदान बचाव तरी करावा, शिवी द्यावी, कानाखाली मारावी. पण हा घुम्यासारखा ऐकून घ्यायचा आणि खाडीकडे बघायचा, आणि त्यानं दौलतचा संताप दुप्पट व्हायचा. मरायच्या वेळी तोंडात पाणी घालायला बोलावलं तर दौलत उंबऱ्यातच उभा राहिला. काळूरामनं पाणी घातलं. सगळ्या भावकीनं पाहिलं. हौसाचं तेव्हा नवीनच लग्न झालेलं. ती त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलायची नाही, आणि न बोलता कितीतरी बोलायची.

शुक्रवारी ते गाडी करून गावी गेले. दौलत वाटेत कुणाशी धड बोलला नाही. धक्का तसाच होता, दगड थोडे खचलेले, तिवरं पार बांधापर्यंत वाढलेली. माणूस एक नाही. भरती टम्म होती आणि नवशानं दोन्ही बोटी शेजारी शेजारी बांधून ठेवल्या होत्या. पांढरी बघताच पोरं किंचाळत धावली. गुळगुळीत, निळी पट्टी, बसायला रेक्झिनच्या गाद्या. सागवानी तिच्या शेजारी काळीकुट्ट, फळ्यांना डांबर, बांधावरसुद्धा सुक्या बोंबलाचा वास. हौसानं नाकाला पदर लावला, पण नजर मोठीकडेच. गावात काळूरामकडे राहणारी आक्का आधीच येऊन थांबली होती. काळूराम नव्हता, मोठी घेणार असशील तर बोलाव म्हणून निरोप ठेवून शेतावर गेला होता, आणि ते एका परीनं बरंच झालं. नवी बोट घरात आली की घरच्या थोरल्या बाईनं तिला हळदकुंकू लावायचं, म्हणून आक्का ताट घेऊन आलेली. सत्तरी उलटलेली, अंगावर कातडं आणि हाडं, पण पाठ ताठ. दोन्ही बोटींना तिनं हळदीची बोटं लावली, उगीच वाईट नको वाटायला म्हणून, जशा काय त्या सुनाच. मग नवशानं पांढरीचं दावं ओढलं आणि चला म्हणाला. दौलत म्हणाला, थांब. हाच तो क्षण होता. त्यासाठीच तर सगळं होतं. तो बोटीच्या कडेला उभा राहिला, मिठागरावरच्या साहेबासारखा, आणि एकेकाला हात देणार म्हणून मोजू लागला. हौसा, तिन्ही पोरं, आक्का. पाच. “आणि तुम्ही?” हौसा म्हणाली. त्याला कळेना. हौसानं त्याच्या छातीकडे बोट केलं. “तुम्ही स्वतःला धरलंच नाहीत. सहा होतात.” नवशानं मान हलवली. पाच म्हणजे चालवणारा धरून पाच, शेठ. त्याच्यावर एक पोरगंसुद्धा चढवायचं नाही, साहेबानं बजावून सांगितलंय, हलकी बोट आहे. गाळ्यात बसून, टेबलाखाली बोटं मुडपून, दौलतनं बापासारखंच मोजलं होतं. चालवणारा कशाला मोजायचा! त्याची कानशिलं तापली. आठ दिवस ज्या बोटीची स्वप्नं पाहिली तिच्यात तो स्वतःच नव्हता, आणि हे त्याला बायकोनं सगळ्यांदेखत सांगावं!

आणि इकडे आक्का निवांत बांधावर जाऊन बसली होती. पाय दुमडून, पदर पुढं ओढून. जागासुद्धा तीच असावी. कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. सहा होतात हे तिच्या कानावर पडलं आणि तिचा तिनं हिशेब केला, बस्स. दौलत तरातरा तिच्याजवळ गेला. “ऊठ आक्का. तू आधी बसायचंस.”

“समद्यांना जाऊ दे,” ती म्हणाली. “मी मागनं येईन.”

मग त्याचा तोल गेला. छत्तीस वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते त्यानं त्या रिकाम्या धक्क्यावर ओकून टाकलं. मागनं येईन, मागनं येईन, हेच करत आलीस जन्मभर, त्या मागनं येण्यानं गोदू गेली, गाव नटूनथटून चढत होतं आणि माझी बहीण इथं, ह्या दगडावर, आणि तो तुझा नवरा, तरीवर उभा राहून हात करतो थांबा म्हणून, पोटच्या पोरीला थांबा म्हणतो, मी पाहिलंय, ह्या डोळ्यांनी पाहिलंय. नवशा दाव्याशी खेळल्यासारखं करत राहिला. पोरं हौसाला चिकटली. आक्का मात्र त्याच्याकडे नवलानं बघत होती. म्हातारपणाची ओल डोळ्यांत होती तेवढीच, रडू नव्हतं.

“थांबा कवा म्हनले ते?” ती म्हणाली. “बोलावीत व्हते ते. पोरीला घेऊन ये म्हनून तर हात केला. भरलेली तर थांबवून धरली व्हती माझ्यासाठी. मीच मान हालवली. न्हाय येत म्हटलं.”

खाडीत मासा उडाला, त्याचा आवाज दौलतला ऐकू आला.

“का?” त्यानं विचारलं.

“का म्हंजे?” तिला खरंच कळलं नव्हतं. “भरल्या तरीतून दोन मानसं उतरवून तरीवाल्याची बायको चढली असती, तर सुगीला कोन भात देनार व्हतं? तू आन काळू काय खानार व्हता?” आणि जरा थांबून, जसं काही विसरलेलं सांगावं तसं म्हणाली, “ते रागावले व्हते माझ्यावर. लई दिस बोलले न्हाईत.”

त्यात पश्चात्ताप नव्हता. निदान दौलतला सापडेल असा नव्हता. तिनं ते सांगितलं ते एखाद्या वर्षी पाऊस उशिरा आला होता असं सांगावं तसं. आणि त्याला वाटलं की हिला गदागदा हलवावं, विचारावं की हे तू मला कधी सांगणार होतीस. पण तिला कुणी विचारलं होतं कधी? त्यानं विचारलं होतं? तो हात त्यानं एकट्यानं पाहिला, त्याचा अर्थ एकट्यानं लावला आणि एकट्यानंच शिक्षा ठोठावली. बरं, बाप? बापाला तर माहीत होतं. पोरगी दिलीत गावाला असं तोंडावर ऐकताना त्याला फक्त एवढं म्हणायचं होतं की मी बोलावलं होतं रे, तुझी आई आली नाही. एवढंच वाक्य. तो बोलला नाही. बोलला असता तर पोरगा आईकडे त्या नजरेनं बघायला लागला असता. म्हणून मरेपर्यंत, तोंडात पाणी घालायला पोरगा येत नाही हे बघून, डोळे मिटेपर्यंत बोलला नाही. दौलतचा राग उभ्याउभ्या निराधार झाला. कमी झाला नाही, छे! फक्त ज्याच्यावर इतकी वर्षं टाकला होता तो माणूस खालून निघून गेला, आणि तो सगळा भार आता कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. बापावर नाही. ह्या म्हातारीवर? पोटाला काय घालायचं ते बघून वागलेल्या बाईवर? गावावर? गाव तर धक्क्यावर फिरकतही नव्हतं. त्यानं एक दगड उचलला आणि पाण्यात भिरकावला, मग दुसरा. पोरं त्या आवाजानं दचकली.

“शेठ, पाणी उतरायला लागलं,” नवशा हलकेच म्हणाला. बाईसाहेब आणि पोरांना एक फेरी मारून आणतो, पांढरीतून, तोवर तुम्ही बघा. दौलतनं हातानंच जा म्हटलं. पांढरी बोट निघाली. काय झकास निघाली! नवशानं एकदा दोरी ओढली मात्र, नाळ वर उचलून ती खाडीच्या मध्यावर गेली, हौसाचा पदर उडाला, पोरं ओरडत होती. दौलत बांधावर उभा, शेजारी आक्का बसलेली. तो पुन्हा तिथंच होता. पांढरी बोट पाण्यात आणि तो काठावर, आईशेजारी. आक्का जरा सरकली, त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही. बोट वळून धक्क्याकडे आली, इंजिन हळू झालं, आणि पुढच्या गादीवर गुडघे टेकून बसलेल्या कमळानं हात वर केला. बोटं पसरलेली, तळवा पुढं. “बाबा, या ना!”

“तुमी जाऊन या,” दौलत म्हणाला. “मी मागनं येईन.”

तोंडातून निघून गेलं. वीस वर्षांपूर्वी भिवंडीत येऊन टाकून दिलेल्या बोलीसकट निघून गेलं. खाली आक्कानं समाधानानं मान हलवली. पोरगा शेवटी रीतीचा निघाला अशी. ती मान त्यानं पाहिली. रीतीचा! म्हणजे उद्या कमळाला ताप आला तरी मी ह्याच दगडावर बसणार, आणि मनातल्या मनात बरं वाटून घेणार! त्यानं नवशाला हाक मारली, इतक्या जोरात की तिवरांतले बगळे उडाले. “मोठी सोड!”

नवशानं पांढरी धक्क्याला लावली, हौसाला आणि पोरांना उतरवलं, आणि सागवानीचं दावं सोडता सोडता सवयीनं विचारलं की माणसं किती धरायची. “सहा,” दौलत ओरडला. “मोज. मला धरून मोज.” दौलतनं आक्काचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, ती कळवळली. तिला उठवलं, जवळजवळ ओढतच फळीपाशी आणलं. म्हातारी पाय रोवत होती, पोरं आदी, सून आदी, अरं सोड, अंगात आलंय काय तुझ्या. त्यानं सोडलं नाही. “लोकं बगतील रं,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरोखर घाबरलेला होता, गोदूचं बोलताना झाला नव्हता इतका. “तरीवाल्याची बाय आदी चढली म्हनतील.”

“कुठं आहेत लोक?” दौलत म्हणाला. “दाखव मला. एक दाखव.”

तिनं मान वळवून मागं पाहिलं. खचलेले दगड होते, तिवरं होती, नवशाची सायकल बांधाला टेकून ठेवली होती. तिनं दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिचा हात ढिला पडला आणि ती फळीवरून चढली. पंधरा माणसांची बोट, आत ती एकटी; बोंबलाच्या वासात, मधल्या आडव्या फळीवर. पाठोपाठ कमळा, थोरली दोघं, मग हौसा. नवशा इंजिनाशी वाकला. बोट ढकलायला मागं कुणीतरी लागतंच. दौलत चपलांसकट गुडघाभर चिखलात उतरला, खांदा लावला आणि ती हलल्यावर ओल्या पायांनी शेवटी वर चढला. राग तसाच होता, छातीत, गरम. त्यानं मोठ्यानं मोजलं. आक्का, हौसा, तीन पोरं, मी. सहा. इंजिन धडधडायला लागलं, पोरं पलीकडच्या काठाकडे बोटं दाखवू लागली. आक्का तेवढी उलटी बसली होती, सोडलेल्या काठाकडे तोंड करून, पदर पुढं ओढून, आणि तिचे ओठ हलत होते. दौलत वाकला तेव्हा त्याला ऐकू आलं. ती मोजत होती, कुणीच नसलेल्या धक्क्यावर अजून किती माणसं राहिलीत ते.